ससा खात नाही, लेंड्या टाकत नाही: पहिल्या काही तासांत घरी काय करायचं

ससा आजारपण लपवतो. रानात जो अशक्त दिसतो तो आधी शिकार होतो, आणि ती सवय पाळीव सशातही जशीच्या तशी उरलेली आहे. तो कण्हत नाही, ओरडत नाही, आणि उलटी तर त्याला शरीररचनेमुळे होतच नाही. त्यामुळे कुत्र्यामांजरांच्या अनुभवावरून सशाच्या पोटाचा अंदाज बांधणारा माणूस हमखास फसतो. कुत्र्याने एका वेळचं जेवण सोडलं तर ‘उद्या बघू’ म्हणता येतं. सशाच्या बाबतीत उद्यापर्यंत फार उशीर झालेला असू शकतो.

सशाच्या पोटावर घरी उपचार करता येतात, पण त्यांना मर्यादा आहे आणि ती तासांत मोजायची असते. लवकर ओळखणं, ऊब, पाणी, गवत आणि वेळेवर निर्णय, एवढं आपल्या हातात. बाकीचं पशुवैद्याचं काम.

पोट चालतं कसं, हे आधी

सशाचं आतडं सतत हलतं असावं लागतं. गवतातले जाड, न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातून पुढे सरकतात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. आतड्याला चालतं ठेवण्याचं काम हेच तंतू करतात. बारीक कण मात्र उलट्या दिशेने सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत ढकलले जातात. तिथे जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घडासारख्या लेंड्या तयार होतात. ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यांत प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. नवख्या माणसाला हे बघून कसंतरी होतं, पण ससा ते करतो तेव्हा त्याला अडवू नका.

गवत कमी पडलं, पाणी कमी पडलं, शरीरात कुठेही दुखायला लागलं किंवा ससा घाबरला, की आतड्याची हालचाल मंदावते. यालाच जीआय स्टेसिस म्हणतात. आतला माल कोरडा पडतो, जिवाणूंचा तोल जातो, वायू धरतो आणि पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. लठ्ठ ससा उपाशी राहिला तर यकृतात चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं.

स्टेसिस बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचा तरी परिणाम असतो. टोकदार झालेली दाढ, मूत्राशयातला खडा, दुखरे सांधे, उकाडा, नवी जागा, जोडीदार जाणं, घरात आलेला नवा प्राणी, यांपैकी काहीही मूळ असू शकतं. पोट सुरू झालं म्हणून आजार गेला असं धरून चालू नका.

रोज लेंड्या बघायच्या

हा लेख वाचून एकच सवय लागणार असेल तर ती ही लागू दे. निरोगी ससा दिवसाला साधारण 200 ते 300 लेंड्या टाकतो. त्या मोजत बसायचं नाही. आपल्या सशाच्या लेंड्यांचा नेहमीचा आकार आणि सकाळी साफसफाई करताना साधारण किती निघतात, हे डोळ्यांत बसलं की पुरे. चांगली लेंडी गोल, कोरडी, बाकीच्यांच्या मापाची असते आणि बोटांत चुरली तर आत गवताचे तंतू दिसतात.

लेंड्या लहान, कडक, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या तर पोट मंदावत चाललं आहे. केसांनी एकमेकींना जोडलेल्या लेंड्या निघाल्या तर ससा अंगावरचे केस जास्त गिळतोय. केस झडण्याच्या काळात हे थोडंफार चालतं, पण तेवढ्यावरून सावध व्हायला हवं: रोज ब्रश, गवत भरपूर, पाणी भरपूर. लेंड्यांवर बुळबुळीत थर दिसला तर आतड्याला त्रास होतोय असं समजून पशुवैद्याला कळवा. आणि लेंड्या पूर्ण थांबल्या तर पुढचा भाग लगेच वाचा.

खाण्यावरचं लक्षही असंच. ‘वाटीतलं संपलं नाही’ हे उशिरा कळतं. त्यापेक्षा आवडीची वस्तू हातात धरून समोर न्यायची आणि ससा पुढे येतो का ते बघायचं. नेहमी झडप घालणारा ससा वास घेऊन तोंड फिरवत असेल, तर ते पोटदुखीचं सगळ्यात लवकर दिसणारं लक्षण आहे. काही ससे गवत आणि दाणे सोडतात पण मऊ पाला खात राहतात. अशा वेळी दातांचा संशय आधी घ्या.

दुखत असलेला ससा अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसतो. मध्येच उठतो, जागा बदलतो, पोट जमिनीला टेकवून ताणतो, पुन्हा उठतो. मोठ्याने करकर दात खातो. इथे गल्लत होऊ शकते, कारण लाड करून घेताना ससे दात हलकेच वाजवतात आणि ते समाधानाचं असतं. दुखण्याचा आवाज खोलीतल्या दुसऱ्या माणसालाही ऐकू जातो आणि तेव्हा ससा आखडलेला असतो.

आधी ठरवा: आत्ता निघायचं की थोडं थांबायचं

पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरचा कोणताही उपाय करत बसू नका, थेट निघा.

- पोट फुगून ताठ झालंय, हात लावला तर दबत नाही.
- कान आणि पाय थंड पडलेत, ससा लुळा पडून आहे किंवा उचलल्यावर प्रतिकार करत नाही.
- तोंड उघडं टाकून श्वास घेतोय. ससा एरवी नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे हे फार गंभीर आहे.
- पाण्यासारखे पातळ जुलाब होतायत.
- गालिचा, प्लास्टिक, रबर, कापूस असं काही कुरतडून गिळल्याची शंका आहे.
- 10 ते 12 तासांत काहीच खाल्लेलं नाही किंवा एकही लेंडी नाही.
- ससा पिल्लू आहे. पिल्लांना थांबून बघण्याची मुभाच नाही.

पहिलं लक्षण नीट समजून घ्या. साधं स्टेसिस सहसा हळूहळू येतं: आदल्या दिवशी लेंड्या लहान, खाणं थोडं कमी, मग बंद. केसांचा घट्ट गोळा किंवा गिळलेली वस्तू आतड्यात अडकली तर सगळं अचानक होतं. दोन तासांपूर्वी उड्या मारणारा ससा एकदम मलूल होतो, जठरात वायू आणि द्रव साठून पोट ताठ होतं आणि अंग गार पडायला लागतं. अशा सशाला जबरदस्तीने भरवलं तर वाट बंद असलेल्या जठरात आणखी भर पडते. काही तासांत जीव जाऊ शकतो. फुगलेलं पोट दिसलं की सिरिंज बाजूला ठेवा आणि गाडी काढा.

यांतलं काहीच नसेल, ससा हुशार असेल, पोट मऊ असेल आणि फक्त एका वेळचं खाणं चुकलं असेल, तर दोन-तीन तास घरी प्रयत्न करायला हरकत नाही. तरीही घड्याळ सुरू करण्याआधी पशुवैद्याला फोन करा. सगळेच पशुवैद्य सशांवर नेहमी उपचार करत नाहीत. अनुभव असलेले डॉक्टर कोण, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं, हे ससा ठणठणीत असतानाच शोधून ठेवायचं काम आहे.

घरचे उपाय

आधी कान हाताने चाचपा. सशाचं नेहमीचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. फक्त कान जरासे गार लागत असतील, पाय गार नसतील आणि ससा हुशार असेल, तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा. नको असेल तेव्हा त्याला दूर सरकता यायला हवं. खोलीत उकाडा असेल, कान तापलेले असतील आणि श्वास भराभर चालू असेल, तर उलटं करायचं. त्याला थंडगार जागी न्या, कानांना पाण्याचा ओला हात लावा आणि पशुवैद्याला फोन करा. उष्माघातातही ससा खाणं सोडतो, आणि तिथे ऊब देणं घातक ठरेल. गुदद्वारातून तापमान घेणं डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. वाचून करायला जाऊ नका, कारण ससा झटका देऊन स्वतःला इजा करून घेतो. शिकला असाल आणि आकडा 38 च्या खाली आला, तर वाट बघायची वेळ संपली.

मग पाणी. सशाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 ते 150 मिलीलिटर पाणी लागतं. बाटलीच्या नळीपेक्षा वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात, म्हणून जड, न कलंडणारा वाडगा ठेवा. तो पीत नसेल तर पालेभाजी धुऊन निथळू न देता ओलीच द्या. पानांबरोबर पाणी पोटात जातं.

समोर ताजं, सुवासिक गवत ठेवा. तेच गवत शिळं झालं की ससा नाक मुरडतो, म्हणून नवी मूठ काढा. शेजारी त्याला आवडणारा, आधी खाल्लेला सुगंधी पाला ठेवा, कोथिंबीर किंवा पुदिना चालतो. नवी भाजी द्यायची ही वेळ नाही. फळ, गाजर, बिस्किट, पाव काहीच देऊ नका. साखर आणि पिठाने सीकममधला बिघाड वाढतो, आणि ‘काहीतरी पोटात जाऊ दे’ या मायेपोटी इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

ससा चालता राहिला तर आतड्यालाही चालना मिळते. पिंजऱ्याबाहेर मोकळ्या, न घसरणाऱ्या जमिनीवर सोडा आणि शांतपणे फिरू द्या. मागे लागून पळवायचं नाही. घाबरवलं तर आतडं आणखी थांबतं.

पोट चोळण्याबद्दल पाळणाऱ्यांत दोन मतं आहेत. पोट मऊ असेल आणि ससा स्वतःहून शांत बसत असेल, तर तळहाताने बरगड्यांपासून मागच्या दिशेने अगदी हलका हात फिरवायला हरकत नाही. त्याला ते नको असेल तर थांबा. पोट ताठ असेल तर हातच लावू नका.

जोडीदार ससा असेल तर दोघांना एकत्रच राहू द्या, पशुवैद्याकडे जातानासुद्धा. एकटं पाडल्याचा ताण आजारात भर घालतो, आणि परतल्यावर वास बदललेल्या सोबत्याला दुसरा ससा कधीकधी स्वीकारत नाही.

सिरिंजने भरवणं

पोट फुगलेलं नाही, ससा शुद्धीत आहे आणि पशुवैद्याने फोनवर होकार दिलाय, या तीन अटी पूर्ण असतील तरच हे करा. शाकाहारी प्राण्यांसाठी मिळणारी रिकव्हरी फूडची पूड सगळ्यात चांगली, कारण तिच्यात तंतू असतात. ती नसेल तर नेहमीचे पेलेट, म्हणजे सशांसाठीचं दाबून केलेलं कोरडं खाद्य, कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, सिरिंजमधून जाईल इतकं पातळ करा. प्रमाण वजनावर ठरतं, ते डॉक्टरांना विचारा.

ससा जमिनीवर किंवा टेबलावर टॉवेलात सैलसर गुंडाळून, चार पायांवर बसलेला असू दे. त्याला उताणं करायचं नाही, डोकं मागे झुकवायचं नाही. पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूला मोकळी जागा असते. बिनसुईच्या सिरिंजचं टोक तिथून आडवं आत सरकवा आणि अर्धा ते एक मिलीलिटर सोडून थांबा. तो चावतो आणि गिळतो ते दिसल्यावरच पुढचा घास. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि पोटाच्या दुखण्यावर न्यूमोनियाची भर पडते. दर खेपेला थोडं, पण दिवसातून अनेकदा, असं भरवा. झटापट व्हायला लागली तर सोडून द्या. दमलेल्या सशाला भरवण्यात अर्थ नाही.

औषधांच्या कपाटाकडे वळण्याआधी

माणसांची वेदनाशामकं सशाला देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविकं सशाच्या सीकममधले उपयोगी जिवाणू मारतात. मग विषं तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम फोफावतात आणि ससा त्या औषधानेच दगावू शकतो. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी ही नावं चिठ्ठीवर दिसली तर ‘हे सशाला तोंडाने चालतं का’ असं विचारायला लाजू नका.

सिमेथिकोन या पोटातल्या वायूवरच्या औषधाबद्दल बहुतेक पाळणारे ऐकून असतात. ते रक्तात शोषलं जात नाही, म्हणून निरुपद्रवी मानलं जातं. त्याने सशांना किती फायदा होतो याचा पुरावा मात्र तोकडा आहे, आणि मूळ कारणावर ते काहीच करत नाही. द्यायचंच असेल तर डॉक्टरांना मात्रा विचारा आणि बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा. बाळांच्या पोटदुखीच्या काही थेंबांत डायसायक्लोमिन मिसळलेलं असतं. ते आतड्याची हालचाल कमी करतं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट.

अननसाचा रस केसांचा गोळा विरघळवतो, हा समज काही केल्या जात नाही. केस केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचे असतात आणि रसातलं विकर केराटिन विरघळवत नाही. पोटात जाते ती साखर. शिवाय सशाच्या जठरात थोडे केस नेहमीच असतात. आतडं चालू असेल तर ते लेंड्यांतून निघून जातात. बहुतेक वेळा आतडं आधी मंदावतं आणि मग केस व अन्न सुकून गोळा होतो.

पशुवैद्याकडे गेल्यावर

जाताना चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: शेवटचं कधी आणि काय खाल्लं, शेवटची लेंडी कधी, गेल्या काही दिवसांत काय बदललं, घरी काय दिलं. शेवटच्या लेंड्या डबीत घालून न्या.

डॉक्टर पोट चाचपतील, तापमान घेतील आणि बहुधा एक्स-रे काढतील. रक्तातली साखर तपासायला सुचवलं तर हो म्हणा. आतडं अडलेल्या सशात ती खूप वाढलेली सापडते आणि साध्या स्टेसिसमध्ये सहसा तितकी नसते, त्यामुळे निर्णय लवकर होतो. यकृताचा एखादा भाग पिळला गेला तरी बाहेरून सगळं स्टेसिससारखंच दिसतं. रक्ततपासणीने त्याचाही माग लागतो. उपचारांत सलाईन आणि वेदनाशामक हे मुख्य. आतड्याला चालना देणारी औषधं अडथळा नाही याची खात्री झाल्यावरच दिली जातात. वेदनाशामक दिलं नसेल तर जरूर विचारा, कारण दुखणं थांबल्याशिवाय ससा खायला तोंड उघडत नाही. दाढा तपासायला सांगा. पुढचे दात सुंदर दिसत असले तरी दाढांची टोकं जिभेत किंवा गालात रुतत असू शकतात. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात.

शस्त्रक्रियेची वेळ आली आणि कोणी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं, तर पुन्हा विचारा. ससा उलटी करत नाही, त्यामुळे कुत्र्यामांजरांसारखं त्याला लांब उपाशी ठेवायची गरज नसते.

घरी आल्यावर पहिल्या लेंड्या लहान, काळसर, वाकड्या निघतील. ते ठीक आहे. पूर्ववत व्हायला काही दिवस जातात. तोवर गवत आणि सवयीचा पाला, पेलेट बेताने. लेंड्या पुन्हा थांबल्या तर ‘परवाच तर दाखवलं’ म्हणून थांबू नका.

मऊ लेंड्या आणि जुलाब

या दोन्हींत फार गोंधळ होतो. ढुंगणाला चिकटलेला किंवा जमिनीवर फासलेला, उग्र वासाचा मऊ लगदा, आणि त्याबरोबर नेहमीच्या गोल लेंड्याही निघतायत, असं असेल तर तो जुलाब नाही. त्या खायच्या राहिलेल्या सीकममधल्या लेंड्या आहेत. पेलेट किंवा गोड खाऊ जास्त झालेला असतो, किंवा लठ्ठपणामुळे अथवा दुखऱ्या पाठीमुळे सशाचं तोंड तिथवर पोहोचत नाही. गोड बंद करा, पेलेट हळूहळू कमी करा, गवत वाढवा. एक-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवा.

ढुंगण साफ करताना पूर्ण आंघोळ घालू नका. फक्त घाण झालेला भाग कोमट पाण्याने भिजवून सोडवा आणि पूर्ण कोरडा करा. माश्यांच्या दिवसांत हे दिवसातून दोनदा बघायचं. घाण केसांत माश्या अंडी घालतात, एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत सशाची कातडी पोखरतात. एक जरी अळी दिसली तरी लगेच पशुवैद्याकडे.

खरा जुलाब म्हणजे सगळंच पातळ, गोल लेंडी एकही नाही. मोठ्या सशात तो क्वचित होतो. दूध सुटण्याच्या वयातल्या पिल्लांत तो जास्त दिसतो. कॉक्सिडिया नावाचे परजीवी, सीकममधला बिघाड किंवा फार लवकर आईपासून तोडणं ही त्याची नेहमीची कारणं. पिल्लू एका दिवसात हातचं जातं. त्याला ऊब देत थेट न्या. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

खाण्याचा सुमारे 80 ते 85 टक्के भाग गवत असावा, दिवसरात्र समोर, निदान सशाच्या स्वतःच्या आकाराएवढी जुडी. मोठ्या सशाला टिमोथीसारखं गवत चालतं. लसूणघास वाढत्या पिल्लांसाठी ठीक, पण प्रौढ सशाला त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त होतात. पेलेट दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 25 ग्रॅम, तंतू किमान 18 टक्के. रंगीबेरंगी दाणे आणि बिया मिसळलेला खाऊ नको, कारण ससा त्यातलं गोड वेचून खातो आणि तंतू तसेच टाकून देतो. पालेभाज्या रोज, पण नवी भाजी एका वेळी एकच आणि थोडीशी. लेंड्या नीट राहिल्या तर प्रमाण वाढवा. पेलेटचा प्रकार बदलायचा असेल तर जुन्यात नवं मिसळत 7 ते 10 दिवस घ्या.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून वजन करा आणि लिहून ठेवा. दाट केसांखाली रोडावलेला ससा डोळ्यांना दिसत नाही. कपाटात रिकव्हरी फूड, एक मिलीलिटरच्या काही सिरिंज, गरम पाण्याची बाटली, जुना टॉवेल आणि डॉक्टरांचे नंबर एकाच डब्यात असू द्या. रिकव्हरी फूडच्या पाकिटावरची मुदत वर्षातून दोनदा तरी तपासा.